कूलर मे महिन्यात चालतो, जुलैत का नाही? विज्ञानाचा शिक्षक घडतो कसा

"बी.एस्सी. झालं. आता बी.एड. करू का? आणि केलं तर तिथे दोन वर्षं नेमकं काय शिकवतात? विज्ञान तर आपल्याला येतंच!"

जळगाव-धुळ्याकडच्या मुलामुलींकडून हा प्रश्न मला वरचेवर येतो. मी शिक्षणशास्त्रात पीएच.डी. करतोय, विज्ञान शिक्षकांचं प्रशिक्षण हाच माझा अभ्यासाचा विषय, त्यामुळे प्रश्न योग्य ठिकाणी येतो असं म्हणू. यातलं पहिलं वाक्य तुमचं तुम्ही ठरवा. दुसऱ्याचं उत्तर या लेखात मिळेल. पण मला खरा रस आहे तो शेवटच्या वाक्यात. "विज्ञान तर आपल्याला येतंच." आधी तेच तपासून बघू.

एक छोटी परीक्षा

समजा, तुम्ही दहावीच्या वर्गावर उभे आहात. बालभारतीचं 'विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग 1', धडा 'उष्णता'. अप्रकट उष्मा झाला, सापेक्ष आर्द्रता झाली, व्याख्या फळ्यावर लिहून झाल्या. मागच्या बाकावरून एक मुलगी विचारते, "सर, आमचा कूलर मे महिन्यात मस्त चालतो. जुलैत तोच कूलर, तेच पाणी, तोच पंखा, तरी काहीच थंड वाटत नाही. उलट चिकचिक होते. असं का?"

खान्देशात हा प्रश्न कधी ना कधी येणारच. पुढे वाचण्याआधी मनातल्या मनात उत्तर देऊन बघा.

बहुतेक जण म्हणतील, "पावसाळ्यात हवेत आर्द्रता जास्त असते म्हणून." बरोबर आहे. पण त्या मुलीला हे पुरेल का? तिच्या डोक्यात काय चाललंय ते बघा. तिला वाटतं की कूलरमधलं पाणी गार असतं, पंखा त्या गार पाण्यावरून वारा ओढतो, म्हणून वारा गार लागतो. या चित्रात आर्द्रतेला जागाच नाही. तुम्ही "आर्द्रता जास्त" म्हणालात तर ती ते वहीत लिहून घेईल, परीक्षेत लिहील, एक गुणही मिळवेल. घरी जाऊन कूलरच्या टाकीत बर्फ टाकत राहील.

म्हणजे आधी तिचं चित्र हलवायला हवं. त्यासाठी तिच्याच घरातल्या गोष्टी कामाला येतात. मे महिन्यात कूलरची टाकी दिवसातून किती वेळा भरावी लागते? जुलैत किती वेळा? मग मे महिन्यातलं ते सगळं पाणी गेलं कुठे? ते वाफ होऊन हवेत गेलं. वाफ व्हायला उष्णता लागते, ती पाण्याने गवताच्या जाळीतून जाणाऱ्या गरम हवेकडूनच घेतली. हवेची उष्णता गेली म्हणून हवा गार झाली. पाणी गार होतं म्हणून नव्हे, पाणी *उडालं* म्हणून.

आता बर्फाचा हिशेब पुस्तकातल्याच आकड्यांनी करता येतो. एक ग्रॅम बर्फ वितळताना 80 कॅलरी उष्णता घेतो. एक ग्रॅम पाणी वाफ होताना 540 कॅलरी घेतं. (हा आकडा 100 अंश सेल्सिअसचा आहे. कूलरमधलं पाणी त्याहून फार कमी तापमानाला उडतं, तिथे तो 580 च्या आसपास जातो.) जवळजवळ सात पट! गारव्याचं मोठं काम बाष्पीभवन करतंय, बर्फ नाही.

आणि जुलै? हवा आधीच बाष्पाने भरलेली, म्हणून पाणी उडत नाही, टाकी लवकर रिकामी होत नाही, गारवाही नाही. आकड्यांत सांगायचं तर, 44 अंश तापमान आणि 15 टक्के सापेक्ष आर्द्रता अशी दुपार असेल, तर बाष्पीभवनाने हवा जास्तीत जास्त साधारण 23 अंशांपर्यंत खाली येऊ शकते. 32 अंश आणि 75 टक्के आर्द्रता असेल तर फार तर 28 अंशांपर्यंत. पहिल्या वेळी 21 अंशांची उतार शक्य, दुसऱ्या वेळी जेमतेम चार. प्रत्यक्षातला कूलर या टोकापर्यंत पोचत नाही, पण फरक का पडतो ते कळायला एवढं पुरे.

शेवटचा प्रश्न तुम्ही वर्गाला विचारायचा: "कूलर लावताना आजी खोलीची एक खिडकी उघडी ठेवायला का सांगते?" उत्तर मुलंच देतील. ते त्यांनी स्वतःहून दिलं, की समजा धडा पोचला.

हे नेमकं कोणतं ज्ञान आहे?

आता मागे वळून बघा. ही चर्चा करायला तुम्हाला काय काय यावं लागलं?

अप्रकट उष्मा, सापेक्ष आर्द्रता, दवबिंदू हे यावं लागलं. ते बी.एस्सी.ने दिलं. प्रश्न कसा विचारावा, फळा कसा वापरावा, वर्ग कसा सांभाळावा हेही यावं लागलं. ते बी.एड. देतं. पण आणखी एक तिसरी गोष्ट लागली. *याच* धड्यात मुलांची *नेमकी* कोणती समजूत आड येते, ती कोणत्या प्रश्नाने हलते, कोणतं उदाहरण इथे चालतं आणि कोणतं फसतं. हे भौतिकशास्त्राच्या पुस्तकात नसतं आणि अध्यापनशास्त्राच्या पुस्तकातही नसतं.

अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ ली शुलमन यांनी 1986 साली एका लेखात या तिसऱ्या गोष्टीला नाव दिलं. मराठीत आपण तिला 'आशय-अध्यापन ज्ञान' म्हणू. त्यांनी एक गमतीची तुलना केली होती. 1875 साली कॅलिफोर्नियात शिक्षकांची जी परीक्षा व्हायची, तिच्यात 1,000 पैकी फक्त 50 गुण 'शिकवावं कसं' यावर होते, बाकी सगळं विषयज्ञान. शंभर वर्षांनी काटा दुसऱ्या टोकाला गेला. शिक्षकाला वर्ग सांभाळता येतो का, हे तपासलं जाऊ लागलं आणि विषय बाजूला पडला. शुलमन यांचं म्हणणं असं की दोन्ही वेळा मधलीच गोष्ट निसटली: *हा विषय* *या मुलांना* कसा समजतो?

साधारण त्याच काळात इंग्लंडमध्ये लीड्स विद्यापीठात रोझलिंड ड्रायव्हर आणि त्यांचे सहकारी मुलांच्या विज्ञानातल्या समजुती गोळा करत होते. मूल वर्गात येतं ते कोरी पाटी घेऊन येत नाही, हा त्यांच्या कामाचा गाभा. जगाबद्दल त्याचे स्वतःचे अंदाज तयार असतात, ते त्याच्या अनुभवातून आलेले असतात, आणि नुसतं बरोबर उत्तर सांगून ते जात नाहीत. कूलरवाल्या मुलीचं चित्र हे असंच एक.

आता आपल्याकडचा काटा कुठे आहे बघा. बी.एड. सीईटीत मानसिक क्षमता, सामान्य ज्ञान आणि शिक्षक अभियोग्यता असे भाग असतात. विज्ञानाचा स्वतंत्र विभाग नाही. पुढे पवित्र पोर्टलवरून भरतीसाठी जी टेट द्यावी लागते (टीईटी नव्हे, 'शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी'), तिचं नावच बोलकं आहे. आत येण्याच्या दारावर आणि बाहेर पडण्याच्या दारावर "उष्णता शिकवताना मुलं कुठे अडतात?" असं कोणी विचारत नाही. या परीक्षा वाईट आहेत असं मी म्हणत नाही, त्यांचं काम वेगळं आहे. पण परीक्षेची तयारी म्हणजेच शिक्षक होण्याची तयारी, असं समजून बसलात तर तिसरं ज्ञान राहून जाईल.

बी.एड.च्या दोन वर्षांत काय असतं?

कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ 15 ऑगस्ट 1990 रोजी स्थापन झालं. त्याचं कार्यक्षेत्र जळगाव, धुळे आणि नंदुरबार. तुम्ही या भागात बी.एड. करणार असाल तर बहुधा याच विद्यापीठाच्या एखाद्या महाविद्यालयातून. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या 2014 च्या नियमांनंतर बी.एड. दोन वर्षांचं झालं. आधी ते एक वर्षाचं होतं.

थोडक्यात आराखडा असा. मानसशास्त्र, शिक्षणाचं तत्त्वज्ञान, मूल्यमापन, समावेशक शिक्षण असे सामायिक पेपर. मग अध्यापन पद्धतीचे पेपर, त्यात तुमचं विज्ञान. आणि प्रात्यक्षिक भाग.

प्रात्यक्षिकात आधी सूक्ष्म अध्यापन येतं. ही पद्धत 1960 च्या दशकात स्टॅनफर्ड विद्यापीठात सुरू झाली. कल्पना सोपी आहे: एका वेळी एकच कौशल्य, पाच-दहा 'विद्यार्थी' (तुमचेच वर्गमित्र) आणि थोडाच वेळ. आपल्याकडे रुळलेलं चक्र 36 मिनिटांचं: 6 मिनिटं अध्यापन, 6 मिनिटं प्रत्याभरण, 12 मिनिटं पुनर्नियोजन, 6 मिनिटं पुन्हा अध्यापन, 6 मिनिटं पुन्हा प्रत्याभरण. प्रश्न विचारणं, फलकलेखन, प्रबलन, स्पष्टीकरण अशी कौशल्यं एकेक करून घोटायची. त्यानंतर सराव पाठ, पाठ टाचण, निरीक्षण वही आणि छात्रसेवाकाल, म्हणजे इंटर्नशिप.

सूक्ष्म अध्यापनाला नावं ठेवायची फॅशन आहे. मला तसं वाटत नाही. पोहायला शिकताना आधी काठ धरून पाय मारतातच की! पण त्याची एक मर्यादा ओळखून ठेवा. समोर बसलेल्या तुमच्या मैत्रिणीला उत्तर आधीच माहीत असतं. ती 'विद्यार्थिनी' कधी खरं चुकत नाही. आणि आशय-अध्यापन ज्ञान तयार होतं ते समोरच्याच्या खऱ्या चुकीतून.

आपल्याकडे 'आशययुक्त अध्यापन' नावाचा विचार बी.एड.मध्ये बऱ्याच वर्षांपासून आहे. घटकाचं आशय विश्लेषण करा, संरचना मांडा, मग पद्धत ठरवा. शुलमन यांच्या कल्पनेच्या जवळ जाणारी ही गोष्ट आहे. दुर्दैवाने अनेक ठिकाणी ती मागच्या बॅचची फाइल समोर ठेवून एका रात्रीत 'पूर्ण' केली जाते. तुम्ही तसं करू नका. अख्ख्या फाइलमध्ये तुमच्या पुढच्या तीस वर्षांना उपयोगी पडणारी पानं तीच आहेत.

शब्दच आडवे येतात

आता असा मुद्दा, जो इंग्रजी पुस्तकांत सापडणार नाही, कारण तो मराठीतला आहे.

'उष्णता' हा शब्द घ्या. घरात आपण म्हणतो, "पपई उष्ण असते", "त्याला उष्णता झालीय, कोकम दे." म्हणजे फ्रिजमधली गार पपईसुद्धा 'उष्ण'! विज्ञानातली उष्णता म्हणजे एका वस्तूकडून दुसरीकडे जाणारी ऊर्जा. शब्द एक, अर्थ दोन. 'वजन' घ्या. बाजारात कापसाचं वजन क्विंटलमध्ये सांगतात, वर्गात तुम्ही सांगता की किलोग्रॅम हे वस्तुमानाचं एकक, वजनाचं एकक न्यूटन. मूल गोंधळतं, कारण वडिलांची पावती आणि तुमचा फळा जुळत नाही.

त्यातून आपल्या भागात घरची भाषा अहिराणी किंवा तावडी. शिरपूर तालुक्यात सातपुड्याच्या बाजूला गेलात तर पावरा. पुस्तकातली मराठी हीच या मुलांना एक पायरी वर चढून गाठावी लागते, विज्ञानाची परिभाषा ही त्याच्या वरची पायरी.

या प्रश्नाशी जळगाव जिल्ह्याचं जुनं नातं आहे, हे फार जणांना माहीत नसतं. टाटा मूलभूत संशोधन संस्थेशी जोडलेलं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र 1974 साली मुंबईत सुरू झालं. त्याच्या अगदी सुरुवातीच्या क्षेत्रप्रकल्पांपैकी एक झाला रावेर तालुक्यातल्या खिरोदा परिसरातल्या ग्रामीण शाळांमध्ये. केंद्राचे संस्थापक-संचालक प्रा. वि. गो. कुलकर्णी यांनी पुढे एक मुद्दा सातत्याने मांडला: मुलांना अडवतं ते दर वेळी विज्ञान नसतं, पुष्कळदा विज्ञानाच्या पुस्तकाची भाषा असते. वाक्यं सोपी केली तर 'कच्ची' समजली जाणारी मुलंही पुढे येतात. विज्ञान शिक्षकाला भाषेचा शिक्षकही व्हावं लागतं, ते यामुळे.

आता या लेखातलं सगळ्यात अवघड उदाहरण. नववीचा धडा, 'कार्य आणि ऊर्जा'. बल आणि विस्थापन यांच्यात काटकोन असेल तर त्या बलाने केलेलं कार्य शून्य. पुस्तकी उदाहरण म्हणून तुम्ही सांगता, "डोक्यावर ओझं घेऊन माणूस सपाट रस्त्याने चालला, तर गुरुत्वाकर्षणाविरुद्ध त्याने केलेलं कार्य शून्य."

रावेर-यावलच्या वर्गात हे वाक्य म्हणताना समोर बघा. त्यातल्या काही मुलांचे आईवडील दिवसभर केळीचे घड डोक्यावर-खांद्यावर घेऊन बागेतून गाडीपर्यंत आणतात. तुम्ही आत्ता त्यांना सांगितलंत की त्यांच्या बापाचं कार्य शून्य.

एखादं मूल हसेल. एखादं गप्प होईल. गप्प झालेलं मूल पुन्हा प्रश्न विचारणार नाही, ही खरी किंमत.

म्हणून काय करायचं? उदाहरण टाळायचं नाही, पूर्ण सांगायचं. इथे आपण एकाच गोष्टीचा हिशेब करतोय: घडाला वर तोलून धरणारं बल उभं आहे आणि घड सरकतोय आडवा, म्हणून *त्या बलाने घडावर* केलेलं कार्य शून्य. पण वाहणारा माणूस दमतो, हे शंभर टक्के खरं आहे आणि त्यालाही विज्ञानच उत्तर देतं. ओझं तोलून धरताना स्नायू सतत आकुंचन पावत राहतात, त्यासाठी शरीरातली रासायनिक ऊर्जा खर्च होते, तिची बरीचशी उष्णता होते, म्हणून घाम. शिवाय प्रत्येक पावलाला शरीर आणि घड थोडे वर-खाली होतात. आणि मुळात घड जमिनीवरून डोक्यावर उचलला तेव्हा कार्य झालंच होतं. ते किती, ते मुलांना काढू द्या: 20 किलोग्रॅमचा घड, दीड मीटर उंची, गुरुत्व त्वरण 9.8. उत्तर 294 ज्यूल. आता दिवसाचे घड मोजा.

'कार्य' हा विज्ञानाने स्वतःपुरता बांधून घेतलेला शब्द आहे. 'काम' आणि 'श्रम' हे त्यापेक्षा मोठे शब्द आहेत. हे एक वाक्य शिक्षकाने मोठ्याने म्हणायला हवं. पाठ टाचणाच्या छापील नमुन्यात त्यासाठी रकाना नसतो. तो तुम्ही आखा.

सोळा आठवडे कसे वापराल?

2014 च्या नियमांत एकूण 20 आठवडे शाळेसाठी ठेवलेत: पहिल्या वर्षी 4, दुसऱ्या वर्षी 16. हे सोळा आठवडे म्हणजे बी.एड.चा खरा ऐवज. पण शाळेत छात्राध्यापक आला की त्याला रिकामा तास, स्नेहसंमेलन आणि पेपर तपासणी यांना जुंपण्याचा मोह होतो. त्यातूनही जे हाती लागतं ते वाया जाऊ नये, म्हणून चार गोष्टी सुचवतो.

1. चुकांची वही ठेवा. निरीक्षण वही महाविद्यालयासाठी असते, ही तुमच्यासाठी. मुलांनी दिलेलं चुकीचं उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहा, अहिराणीत दिलं असेल तर अहिराणीत. खाली एक ओळ: "त्याला असं का वाटलं असेल?" सोळा आठवड्यांत जे जमेल ते कुठल्याही गाइडमध्ये मिळणार नाही.

2. धड्याआधी एक प्रश्न विचारा, उत्तर सांगू नका. "ओला टॉवेल सावलीतही वाळतो, मग पाणी उकळावं कशाला लागतं?" चिठ्ठ्या गोळा करा, घरी वाचा, मग टाचण काढा. नेहमी उलटं होतं, टाचण आधी तयार असतं.

3. प्रयोग आधी स्वतःच्या हाताने करा. सातपुड्याच्या पलीकडे मध्य प्रदेशात 1972 साली 16 शाळांत सुरू झालेल्या होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमाचा हा पायाच होता: मुलांनी जो प्रयोग करायचा, तो प्रशिक्षणात शिक्षकांनी आधी करायचा, चुकायचा, त्यावर भांडायचं. कूलरच्या धड्याला दोन तापमापक आणि एक ओलं फडकं लागतं. एका तापमापकाचा फुगा फडक्यात गुंडाळा, वारा घाला, दोन्हींतला फरक नोंदवा. एकदा उन्हाळ्यात, एकदा पावसाळ्यात. प्रयोगशाळेला कुलूप असलं तरी हे व्हरांड्यात होतं.

4. आपला कच्चा विषय आधी उघडा. शाळेत तुम्ही 'रसायनशास्त्राचे' शिक्षक नसता, 'विज्ञानाचे' असता. वनस्पतिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेलीला 'विद्युतधारेचे परिणाम' शिकवायचं असतं, रसायनवाल्याला 'आनुवंशिकता व उत्क्रांती'. आठवी ते दहावीची पुस्तकं पहिल्याच सत्रात पूर्ण वाचा, गणितं सोडवत वाचा. आणि प्रत्येक धड्यापुढे जवळपासची एक जागा लिहा. 'हरित ऊर्जेच्या दिशेने' या धड्याला भुसावळजवळचं दीपनगर औष्णिक केंद्र आणि साक्रीचा सौरप्रकल्प, 'कार्बनी संयुगे'तल्या इथिनला केळी पिकवण्याची खोली. यादी तुम्हीच वाढवाल.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 मध्ये चार वर्षांच्या एकात्मिक बी.एड.वर भर आहे. बारावीनंतर विषय आणि अध्यापन सोबत शिकायचं. कागदावर कल्पना चांगली आहे, कारण दोन ज्ञानं शेजारी आली की तिसऱ्याला जागा मिळू शकते. पण वर्षं एक असोत, दोन असोत की चार, मूल कुठे अडतं ते बघायची सवय लागली नाही तर आराखडा बदलून काही होत नाही.

तर, "विज्ञान तर आपल्याला येतंच" या वाक्याचं काय करायचं? ते पुसू नका, पुढे एक प्रश्न जोडा: "ते समोरच्याला कसं दिसतं, हे मला येतं का?" याचं उत्तर "अजून नाही" असेल, तर बी.एड. करण्याला चांगलं कारण आहे.

तुमच्या वर्गात, किंवा तुम्ही शाळेत असताना, एखाद्या मुलाने विज्ञानाच्या शिक्षकाला गप्प करणारा प्रश्न विचारला असेल तर खाली नक्की लिहा, जमल्यास ज्या बोलीत विचारला त्याच बोलीत. पुढच्या लेखात 'वजन आणि वस्तुमान' घेऊ. त्यासाठी एक गृहपाठ: बाजारात जाऊन दोन पारड्यांचा तराजू आणि इलेक्ट्रॉनिक काटा दोन्ही नीट बघून या. दोघांपैकी वस्तुमान कोण मोजतं आणि वजन कोण?